पोळ्याला पुरलेलं धोतर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मूर्तिजापूरच्या अलीकडल्या एका गावात, भर दुपारी, घरच्या लहानथोरांच्या उपस्थितीत एक पांढरं धोतर दोन ठिकाणी पुरण्यात आलं. धोतराचे मालक त्या वेळी हयात होते, आजही ठणठणीत आहेत, आणि आपल्या धोतराच्या अंत्यविधीला ते स्वतः कुदळ घेऊन हजर होते. फुलं वाहण्यात आली नाहीत. दोन मिनिटं शांतता पाळावी अशी सूचना मी मांडली होती, ती कोणी मनावर घेतली नाही. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

मी त्या ठिकाणी का होतो, हे आधी सांगतो. मी अमरावतीत राजापेठेत राहणारा, मराठी शिकवणारा मास्तर. आवाज मोठा आणि लाज कमी, या दोन गुणांवर गावातल्या कुठल्याही कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे येतं. गणपतीची बक्षिसं, निरोप समारंभ, वधू-वर मेळावे, सगळं केलं. मग एका वर्षी कोणीतरी मला शाश्वत शेतीच्या कार्यशाळेला उभं केलं आणि मी तिथेच रमलो. बाकीच्या सभांत लोक चहाची वाट पाहतात. इथे चहा येऊन थंड होतो आणि लोक भांडत असतात.

ज्यांनी अशी कार्यशाळा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मंगल कार्यालय असतं. बाहेर 'शुभविवाह'ची कमान तशीच असते, तिच्याखाली शेतीचा बॅनर. दारात निळे ड्रम, त्यात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून आंबवलेलं जीवामृत. नवखा माणूस नाकाला रुमाल लावतो. जुना माणूस झाकण उघडून, डोळे मिटून, हुंगून सांगतो, "हे अजून तयार नाई." परतवाड्याकडून पहाटेच्या एसटीनं आणि काळीपिवळी जीपनं बायका येतात, बसल्या बसल्या शेजारणीला पिशवीतलं बियाणं दाखवतात. वरूडचे संत्रावाले उशिरा येतात आणि पहिल्या रांगेत बसतात. दीपप्रज्वलनाला काडेपेटी नसते. पाहुण्यांना शाल मिळते, रोपटं मिळतं आणि रोपटं त्यांच्या गाडीत मावत नाही.

आणि प्रश्न. आमच्या वऱ्हाडात प्रश्न विचारायची एक रीत आहे. माईक हातात आला की माणूस आधी आपलं गाव सांगतो, मग वडिलांच्या काळची विहीर, मग भावकीतली वाटणी, मग बोंडअळी. मी घड्याळ दाखवतो. तो म्हणतो, "थांबा नं मास्तर, प्रश्नावरच येऊन राहिलो." आणि खरंच येतो. शेवटच्या वाक्यात असा काही प्रश्न टाकतो की मंचावरचे सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. शाळेत इतकी वर्षं काढली, पण असा जिवापाड ऐकणारा वर्ग मला कधी मिळाला नाही.

या कार्यशाळांचा जीव म्हणजे आमच्या मॅडम. मातीच्या शास्त्रज्ञ, आता निवृत्त. पर्समध्ये पावडर-कंगवा असावा तिथे ढेकळं. मंचावर पाण्याचे दोन ग्लास मांडायच्या, एकात जिवंत मातीचं ढेकूळ, दुसऱ्यात मेलेल्या मातीचं. मेलेलं ढेकूळ पाहता पाहता विरघळून गाळ व्हायचं, जिवंत ढेकूळ आपलं अंग सावरून बसायचं. एकदा अध्यक्षांनी भाषणाच्या भरात त्यातला एक ग्लास उचलून तोंडाला लावला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तो मेलेल्या मातीचा आहे. प्यायचाच असेल तर दुसरा घ्या." त्यानंतर वर्षभर तो ग्लास अमरावती-अकोला दोन्ही जिल्ह्यांत चर्चेत होता.

आता आमची बाई. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. ती मूर्तिजापूरकडे दिलेली, मोठं एकत्र कुटुंब, काळी कसदार जमीन. एकदा उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली आणि आमच्या गल्लीतली वीज गेली. मी म्हटलं, "चल, आज कार्यशाळा आहे, मंगल कार्यालयात कूलर आहे, तिथे बस." ती कूलरसाठी आली. दुपारपर्यंत तिनं कूलरकडे पाठ फिरवून खुर्ची पुढे ओढली होती. संध्याकाळी मला म्हणाली, "भाऊ, मले वावर पायजे." वावर म्हणजे शेत.

"वावर तं तुमच्याकडे ढीगभर आहे."

"ते घराचं हाय. मले माहं पायजे. करून पाहाले."

सासऱ्याकडे शब्द टाकायला तिला धीर लागला. तिचे सासरे म्हणजे आबाजी. सगळं गाव त्यांना आबाजीच म्हणतं. उंच, सडसडीत, मिशा अजून काळ्या, धोतर पांढरंशुभ्र. ते धोतर ते स्वतः विहिरीवर धुतात, कुठल्या सुनेला हात लावू देत नाहीत. त्यांच्या वावराबद्दल सांगायचं म्हणजे, कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून मोटारसायकल नेली तरी चाकाला गवताची काडी लागणार नाही. आमच्याकडे वावराची स्वच्छता ही घराण्याची अब्रू असते. कोणाच्या घरी मुलगी द्यायची तर आधी त्याचं निंदण पाहतात.

तर अशा माणसानं सुनेला विहिरीमागचा तुकडा दिला. का दिला, हे त्यांचं त्यांनाच माहीत. मला वाटतं, ती मागायला आली तेव्हा तिच्या हातात ढेकूळ होतं आणि ती ते हुंगत होती. आबाजींना मातीचा वास घेणारं माणूस आवडतं.

बाईनं तिथे कपाशीत तूर लावली, चवळी लावली, जमिनीवर पालापाचोळा अंथरला, निघालेलं तणही तिथेच पसरलं. नांगर बंद. पोत्यातलं खत बंद. पहिल्या वर्षी पीक कमी आलं. दुसऱ्या वर्षी बरं आलं. तिसऱ्या वर्षी पावसानं ताण दिला तेव्हा तिची कपाशी दुपारीही मान टाकत नव्हती. पण ते पाहायला पारावरचे लोक जात नव्हते. त्यांना रस्त्यावरून दिसत होता तो कचरा.

"आबाजी, उकिरडा तं गावाबाहेर रायते. तुमी वावरातच काहून केला?" कोणीतरी विचारलं. आबाजी घरी आले, पाणी न पिताच म्हणाले, "सूनबाई, पुरे झालं. मी वावर साफ करतो."

बाईनं मुदत मागितली. नेमक्या त्याच श्रावणात, राजापेठेतल्या कार्यशाळेत, मॅडमनी सगळ्यांना घरी करायला एक प्रयोग सांगितला होता. पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्यायचे. एक नेहमीच्या वावरात पुरायचा, एक नव्या पद्धतीच्या वावरात. पोळ्याला पुरायचं, दसरा झाला की मातीसकट काढायचं, न उघडता अकोल्याच्या मेळाव्याला आणायचं. मातीत जीव असेल तर ती सूत खाते. नसेल तर कापड तसंच राहतं.

आबाजींना हे पटलं. इतका रोखठोक न्याय त्यांनी पंचायतीतही पाहिला नव्हता. "तुह्या वावरातलं कापड गेलं तं वावर तुहं, कायमचं. मी पाराकडे पाहानार नाही. अन् राहिलं तं अकोल्याहून आलो की वखर फिरवतो." बाई म्हणाली, "चालते मामाजी." मला तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हा आवाज साधाच होता, पण फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "भाऊ, तू ये पुराले. मले एकटीले भेव वाटते."

म्हणून मी तान्ह्या पोळ्याला तिथे होतो. गल्लीत पोरं लाकडी बैल घेऊन फिरत होती आणि आम्ही कापड शोधत होतो.

"मामाजी, माही जुनी साडी फाडू का?" बाईनं विचारलं.

"तुमच्या साड्या नायलोनच्या," आबाजी म्हणाले. "कपाशीच्या घरात कपडा शोधा लागते? हे घ्या माहं धोतर. जलमात मी सुती सोडून काही नेसलो नाही."

आणि त्यांनी दोरीवरचं धोतर ओढून, सगळ्यांसमोर, दातानं चीर पाडून, टर्रकन फाडलं. रंगमंचावर अशी एन्ट्री घेणारे नट मी फार थोडे पाहिले आहेत.

मॅडमनी सांगितलं होतं, कापडाची गाठोडी बांधा, पण प्लास्टिकची सुतळी नको. बाईकडे दिव्याच्या वातींसाठी ठेवलेला कापूस होता, तिच्या त्याच तुकड्यातला. तिनं तिथेच बसून, मांडीवर तळहात फिरवत, त्याची दोरी वळली, अर्धी एका गाठोड्याला, अर्धी दुसऱ्याला. गाठ मारायला घेतली तर आबाजींनी हातातून ओढली. "सरक. बाईमानसाची गाठ ढिली रायते."

"तुमी मारा. तुमची गाठ तं बैलालेबी सुटत नाही."

आबाजी खुश झाले. दोन्ही गाठोड्यांवर त्यांनी दाव्याला मारतात तशी गाठ मारली, दात लावून आवळली, एक आपल्या वावरात पुरलं, एक विहिरीमागे. वर काड्या रोवल्या. मग चहा झाला, तो वर आलाच आहे.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात अकोल्याचा मेळावा. मी आदल्या दिवशीच गेलो होतो. सकाळी कार्यालयाच्या दारात जीप थांबली आणि आतून सासरा-सून उतरले. दोघांच्या हातात एकेक घमेलं, घमेल्यात मातीचा गोळा, वर ओलं फडकं. अख्ख्या वाटेत दोघांनी आपापलं घमेलं मांडीवर धरलं होतं. दवाखान्यातून बाळ घेऊन आल्यासारखे ते आत शिरले. आबाजींनी नवं उपरणं घेतलं होतं. बाईनं काही खाल्लं नव्हतं, हे तिच्या ओठांवरून कळत होतं.

मंचावर एकेक जण येऊन आपली माती उघडत होता. वरूडच्या एका संत्रावाल्यानं बनियन पुरलं होतं. त्याच्या बागेतून फक्त गळपट्टी परत आली. त्यानं ती गळ्यात अडकवून सभागृहाला दाखवली. परतवाड्याच्या एका काकूंचा रुमाल इतका झिरझिरीत झाला होता की त्यांनी तो डोळ्यांवर धरला आणि त्यातून मला पाहिलं. "मास्तर दिसून राहिले," त्या म्हणाल्या. टाळ्या. प्रत्येक टाळीसरशी बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग मी माझ्या सर्वात भारदस्त आवाजात पुकारलं. सासरा आणि सून दोन बाजूंनी मंचावर चढले.

मॅडमनी आधी आबाजींचं घमेलं घेतलं. माती घट्ट होती, फोडावी लागली. गाठोडं निघालं. गाठ काही सुटेना, शेवटी मॅडमनी दोरी तशीच कडेनं सरकवली आणि कापड उलगडलं. मळलेलं, पण धडधाकट. आबाजींनी मान हलवली. त्यांना हे अपेक्षित होतं, इतके ते प्रामाणिक होते.

मग बाईचं घमेलं. माती हातातच मोकळी झाली, दोन गांडुळं वळवळत बाहेर आली, पुढच्या रांगेतल्या बायकांनी कौतुकानं "अगं माय" केलं. गाठोडं हात लावताच उघडलं. मॅडमनी कापड झटकलं आणि वर धरलं.

धोतर. अखंड. एक भोक नाही. माती झटकल्यावर आबाजींच्या तुकड्यापेक्षाही पांढरं.

माझ्या हातातला माईक आपोआप खाली गेला. माझ्या आयुष्यात ही गोष्ट फारशी घडत नाही. वरूडवाला बसल्या जागेवरून म्हणाला, "आबाजी, घडी घालून ठेवा. पुढच्या लग्नाले चालते." लोक हसले. बाई हसली नाही. ती मॅडमच्या हातातल्या कापडाकडे पाहत होती, जसं आपल्याच माणसानं भर कोर्टात उलट साक्ष द्यावी.

आबाजींनी माझ्याकडून माईक घेतला. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. "दोन्ही सारखेच निंघाले. इतका कचरा अंथरून फरक नाही. मंग सूनबाई, ठरल्याप्रमानं."

"हो मामाजी," बाई म्हणाली.

मॅडम मात्र कापड चिमटीत चोळत होत्या. कान लावून चोळत होत्या. मग त्यांनी एक धागा ओढला आणि म्हणाल्या, "काडेपेटी द्या कोणीतरी." दीपप्रज्वलनाला जी काडेपेटी कधी सापडत नाही, ती आता सभागृहाच्या दहा खिशांतून निघाली.

सूत जळलं की त्याची राख होते, बोटांत चुरली की उडून जाते. हे कपाशीवाल्याला सांगावं लागत नाही. मॅडमनी धाग्याला काडी लावली. धागा आखडला, वितळला, आणि त्याच्या टोकाला एक काळा, टणक मणी तयार झाला. मॅडमनी तो मणी आबाजींच्या तळहातावर ठेवला.

"आबाजी, हे सुती नाही. टेरिलीन आहे. याला माती काय, तुमची नातवंडंही संपवू शकणार नाहीत."

"अहो, माहं धोतर हाय ते."

"कुठून घेतलं होतं?"

आबाजींनी आठवलं. घेतलं नव्हतं. आहेरात आलं होतं, कुठल्याशा लग्नात. आणि आहेराच्या धोतराची कहाणी आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते नेसण्यासाठी नसतं, पुढच्या लग्नात देण्यासाठी असतं. या मांडवातून त्या मांडवात, प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर न येता, ते जिल्हाभर फिरतं. फक्त आबाजी असे सरळ की त्यांनी पिशवी उघडली आणि ते नेसले. आणि सासऱ्याच्या धोतराची चौकशी कोणती सून करणार?

मॅडमनी सभागृहाला विचारलं, "बनियन सोडून कोणाच्या अंगावर कापूस आहे?" सगळ्यांनी आपापली कॉलर चाचपली. आयुष्यभर कपाशी पिकवणारे ते शेकडो लोक, आणि वर आलेले हात अगदी थोडे. मी माझ्या भारी कुर्त्याची बाही हळूच पाठीमागे नेली. हशा इतका झाला की जेवणाचे आचारी वांग्याच्या भाजीचा झारा घेऊनच दारात आले.

आबाजी हसले नाहीत. मण्याकडे पाहत म्हणाले, "मंग निकाल लागलाच नाही. ना इकडं ना तिकडं."

"पुढच्या पोळ्याला पुन्हा पुरा," मॅडम म्हणाल्या.

"मुदत आजची होती, मॅडम. पुन्हा सालभर पारावर काय सांगू? हेच का, माहं धोतर खोटं निंघालं?"

ते खाली वाकून आपलं सामान गोळा करू लागले. शेतकरी दोरीचा तुकडाही टाकून देत नाही. त्यांनी आपल्या घमेल्यातली कापसाची दोरी उचलली, पिवळी पडलेली, पण गाठ जशीच्या तशी. ती खिशात घातली. मग बाईच्या घमेल्यात हात घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"दुसरी दोरी कुठं हाय?"

मॅडमनी पायाखाली, आजूबाजूला पाहिलं.

"माही गाठ होती तिच्यावर. कोनं सोडली माही गाठ?"

"कोनी नाही सोडली, मामाजी," बाई म्हणाली. "घमेलं माह्या मांडीवरच होतं."

आबाजी गुडघ्यावर बसले. उपरण्याचा विचार न करता त्यांनी ती काळी, मोकळी माती दोन्ही हातांनी चाळली. मॅडम आणि बाईही त्यांच्या शेजारी बसून माती चाळू लागल्या. मी माईकसह बसलो, म्हणून पुढचं सगळं सभागृहानं ऐकलं. मातीत बोटाच्या पेराएवढा एक भुरा तंतू सापडला. आबाजींनी तो उचलला तर तो हवेतच तुटला.

"एकाच कापसाची दोरी होती," मॅडम हळूच म्हणाल्या. "एकाच हाताची गाठ. तुमच्या मातीत राहिली आणि हिच्या मातीनं खाल्ली. प्रयोग झाला, आबाजी. फक्त आपण कापडाकडे पाहत बसलो."

आबाजींनी खिशातली दोरी काढली. आपली गाठ पाहिली, मग दुसऱ्या हाताची रिकामी चिमटी पाहिली. बैलाला जी कधी सुटली नाही ती गाठ. मी इतक्या नाटकांत इतके नायक हरताना पाहिले, पण हरण्यात असा आनंद होत असलेला माणूस पाहिला नव्हता. त्यांनी मूठभर माती उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मागच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. वरूडवाल्यानं गळ्यातली गळपट्टी काढून हातात घेतली होती, टोपी काढावी तशी.

बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती, हात मातीचे होते म्हणून.

मी माझं काम केलं. घसा साफ केला, माईक पुढे धरला आणि म्हटलं, "आबाजी, शाश्वत शेतीबद्दल दोन शब्द."

त्यांनी आधी त्या माईककडे पाहिलं, मग अंगावरच्या धोतराकडे. तेही आहेरातलंच असावं, कारण तळहातावरच्या काळ्या मण्याकडे त्यांची नजर पुन्हा गेली आणि चेहरा एकदम काळजीत पडला.

"सूनबाई, वावर तुहं," ते म्हणाले. "पन त्या वावरातल्या कापसाचं मले एक धोतर कर, बाई. ह्याच्यात मले सरणावर ठेवसान तं मी जळनार नाही, वितळन."